दीड सेकंद

४ फेब्रु. २०१४, मंगळ.

बोर्ड आला. थर्माकोलच्या डब्यात, वर पेनने कुणीतरी ‘ध्यान से’ लिहिलेलं. आत आमचीच पेटी. कोपऱ्यावर काळपट काहीतरी वाळलेलं. ग्रीस समजून बोट लावलं. ग्रीस नव्हतं.

मानेसरच्या एका पार्ट्सवाल्यांकडची प्रेस. पत्रा ठेवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, मग प्रेस खाली येते. दोन्ही हात बटणांवर म्हणजे दोन्ही हात बाहेर. तेवढं राखायचं काम आमच्या पेटीचं. तरी २३ जाने.ला प्रेस खाली आली आणि रामनरेश नावाच्या ऑपरेटरची उजव्या हाताची तीन बोटं गेली.

कारखाना म्हणतो, त्याने उजवं बटण दाबलेलंच राहावं म्हणून त्यात फट्टी अडकवली होती, एका हाताने भराभर पीस काढायला. तो म्हणतो, नाही. २० तारखेला कारखाना निरीक्षकांपुढे चौकशी. फट्टी ठरली तर दोष त्याचा आणि नोकरीही गेली. नाही ठरली तर दोष पेटीचा, म्हणजे आमचा.

पेटीतल्या चिपच्या एका कोपऱ्यात शेवटच्या चौसष्ट स्ट्रोकची नोंद असते. कोणतं बटण कधी दाबलं, कधी सोडलं. बोर्डावर नाण्याएवढा सेल आहे, तो जिवंत असेपर्यंत ही नोंद राहते. सेल मोजला. आहे जिवंत.

खुराना साहेबांनी (मालक, यापुढे खु.) केबिनमध्ये बोलावलं. “मीनल जी, पढ़ के बस एक लाइन दे दीजिए. फट्टी ही निकलेगी.” खात्रीने म्हणाले. मलाही खात्री होती. आजपर्यंत तरी.

५ फेब्रु.

दिवसभर खरवडणं.

नोंद वाचायची तर डीबग पोर्टला तारा जोडायला हव्यात. चिपची मागची खिडकीच ती. पोर्ट म्हणजे तरी काय, बोर्डाच्या कडेला तांदळाएवढे चार सोनेरी ठिपके. आमच्या बोर्डवर ते दिसत नाहीत, कारण त्यांच्यावर काळा एपॉक्सी, दगडासारखा वाळणारा गोंद, ओतलेला असतो. पाच वर्षांपूर्वी कुणीतरी आमचा बोर्ड उघडून हुबेहूब नक्कल बाजारात आणली. तेव्हा मीटिंगमध्ये मीच म्हटलं होतं, पोर्ट बुजवा आणि चिपला कुलूप घाला. टाळ्या पडल्या होत्या.

गरम हवेची गन आणि दाताच्या डॉक्टरकडची वाकडी सुई. चौथ्या तासाला एक ठिपका एपॉक्सीबरोबर उपटून आला. क्लॉकचा. आता त्याची वाट मागे शोधत जाऊन, तांब्यावरचा हिरवा थर सुईने खरवडून, केसाएवढी तार डकवायची. चष्मा बदलायला हवा.

मी बुजवलेलं मीच उकरतेय, असं प्रॉडक्शनच्या पुष्पाला म्हटलं. ती हसली. “मैडम, आपका तो मज़बूत ही होता है.”

६ फेब्रु.

चारही तारा लागल्या. ग्राउंड, व्होल्टेज, क्लॉक, डेटा. रीसेटची मुद्दाम लावली नाही. चिप दचकता कामा नये.

जोडणी केली. उत्तर: टार्गेट सापडत नाही. पुन्हा. नाही. क्लॉक-डेटाची अदलाबदल. नाही. सहा वाजता सोडून दिलं, गुडगावपर्यंत कंपनीची बस, पुढे मेट्रो.

स्वतःसाठी लिहून ठेवते: चिप सापडली की सॉफ्टवेअर विचारणार, ‘लॉक्ड आहे, उघडू का? Y/N’. Y म्हटलं तर कुलूप उघडतं, पण उघडताना चिप आतलं सगळं पुसते. कुलपाचा अर्थच तो. N म्हटलं तर प्रोग्रॅम दिसत नाही पण नोंदीचा कोपरा वाचता येतो. मला N हवंय.

प्रॉडक्शनला उलटं. तिथे लॉक असलेला बोर्ड येतो तो नवा प्रोग्रॅम भरायलाच. म्हणून जिगच्या, म्हणजे बोर्ड बसवायच्या साच्याच्या, वरच्या भिंतीवर माझ्या अक्षरातला कागद: ‘लॉक दिखाए तो Y दबाओ. सोचना नहीं.’ लॅमिनेट केलेला. माझ्या टेबलावरही दिवसाला वीसेक बोर्ड येतात, मीही तेच करते.

N. N. N.

मुक्ता: “आई, तू भाजीला मीठ टाकलंच नाहीस. किधर खोई हुई हो यार?” लेकीला रागावले, विनाकारण. सुधीर वर्तमानपत्राआडून नुसता बघत होता. केंद्र सरकारात सत्तावीस वर्षं काढल्यावर माणूस बोलण्याआधी थांबायला शिकतो.

७ फेब्रु., शुक्र.

तारा बघायला वेळच झाला नाही. दुपारी गेटवरून फोन. “मैडम, कोई हाथ वाला आया है.” चौकीदाराने असंच सांगितलं. हाथ वाला.

तिशीचा असेल. उजवा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा, छातीशी धरलेला. मला वाटलं भांडेल. आधी नमस्कारच करायला गेला, दोन्ही हात जुळवून, आणि मधेच थांबला.

“मैडम, पेटी आपने बनाई है?”

“प्रोग्रॅम माझा,” मी हिंदीत म्हटलं.

“तो आप निकाल लेंगी. उसमें सब लिखा रहता है, सुपरवाइज़र बोले थे. जिसने ताला लगाया, चाबी भी उसी के पास होगी न.”

विचारलं, नक्की काय झालं. त्याने गेटवरच्या रजिस्टरच्या टेबलाला प्रेस केलं. डावा हात इथे, उजवा इथे. “दोनों दबाए. प्रेस थोड़ा रुक के आती है, पुरानी है. पत्ती टेढ़ी बैठी थी. मैंने दायाँ हाथ उठाया, सीधी करने को. हाथ उठाओ तो रुक जाती है न मैडम, यही तो सिखाया था. नहीं रुकी.”

“फट्टी?”

“फट्टी लगाता तो पत्ती सीधी करने की फ़ुर्सत रहती?” मग जरा हसून, “फट्टी वाला तो मैडम, पत्ती नहीं देखता. पीस गिनता है.”

मी त्याला पाणी मागवलं. तो निघून गेल्यावर बराच वेळ गेटपाशीच उभी होते. हात उचलला तरी थांबली नाही. एक सेकंद, दीड सेकंद.

दीड सेकंद हा आकडा मला कुठूनतरी माहीत होता.

८ फेब्रु., शनि.

सुट्टी. तरी गेले. पेटीच्या प्रोग्रॅमचा जुना सोर्स उघडला.

आहे.

सात वर्षांपूर्वी याच कारखान्याची तक्रार आली होती. बटणांचे काँटॅक्ट झिजलेले, हात ठेवलेला असतानाही क्षणभर तुटायचे, प्रेस मधेच थांबायची. सेल्सवाला माझ्या खुर्चीमागे उभा. “मैडम, उनकी लाइन रुकी पड़ी है, कुछ कर दो न, शाम तक.” बटणं बदला, असं म्हणायला हवं होतं. मी एक ओळ घातली. बटण क्षणभर सुटलं तर ते सुटलंच नाही असं समजायचं. आधी वीस मिलिसेकंद. पुरेना. पन्नास. पुरेना. संध्याकाळ झाली. पंधराशे.

शेजारी माझीच टिप्पणी: ‘तात्पुरतं. सोमवारी नीट करते.’

असे किती सोमवार गेले ते मोजायला बसले आणि सोडून दिलं.

ही ओळ आहे तोवर रामनरेश खोटं बोलतो असं मी म्हणू शकत नाही. पण नोंद खऱ्या काँटॅक्टची असते, माझ्या समजुतीची नाही. तिथे नुसतं दिसेल: उजवं सुटलं, आणि मग इतक्या वेळाने प्रेस आली. तीन बोटं, एका ओळीत.

घरी कुणाला बोलले नाही.

९ फेब्रु., रवि.

सरोजिनी नगरला भाजी. कोबी स्वस्त. आमच्या लक्ष्मीबाई नगरात पाणी सकाळी आलंच नाही.

दुसरं काही लिहायचं नाही.

१० फेब्रु., सोम.

घडलं तसं लिहिते.

ग्राउंडची तार नुसती टेकलेली होती, डाख आत धरलाच नव्हता. नव्याने लावली. अकरा दहाला चिपने उत्तर दिलं. ओळख क्रमांक आला. पाच दिवसांनी. आनंद झाला, खरा आनंद, अंगठ्यापर्यंत.

लॉक्ड आहे, उघडू का? Y/N.

Y दाबलं.

हिरवी पट्टी भरत गेली. तिला तीनेक सेकंद लागतात. दुसऱ्या सेकंदाला कळलं. केबल उपटली. तोवर झालं होतं.

नोंदीचा कोपरा वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत शून्यं. चौसष्ट स्ट्रोक, चौसष्ट रिकाम्या ओळी.

सवय. वीस बोर्ड रोज, इतकी वर्षं. बोटाने आपलं काम केलं, डोकं अजून आनंदात होतं. असं कुणाचंही होईल. भिंतीवर लिहिलेलंच आहे, सोचना नहीं.

पण गुरुवारी मी तीनदा N लिहून ठेवलं होतं. शनिवारी ती ओळ बघितली होती. दोन रात्री मी एकच गोष्ट मनात मागत होते, ती कोणती ते इथेही लिहिता येत नाही.

सवय होती की मी होते? बोट एकच. त्याला विचारून उपयोग नाही.

११ फेब्रु.

खु.ना सांगितलं. नोंद नाही, पुसली गेली. कशी, ते सांगायला तोंड उघडलं तोवर त्यांनी हात वर केला.

“चलो, हो जाता है. झटका लगा होगा बोर्ड को. मशीन है.” चहा मागवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी बिस्किटंही. “आप बस लिख दीजिए, डेटा नहीं मिला. बात ख़त्म. बाक़ी फट्टी वो लोग साबित कर लेंगे.”

मी बिस्कीट खाल्लं. हे लिहायला हवं म्हणून लिहिते.

१२ फेब्रु.

अहवाल तयार. एक पान. ‘बोर्ड जोडण्यात आला. तपासणीत कोणतीही नोंद उपलब्ध झाली नाही.’ एकही शब्द खोटा नाही. डेडलाइनच्या आत नीटनेटका कागद देण्याबद्दल माझं नाव आहे.

सुधीरला वाचायला दिला. त्याने दोनदा वाचला. “उत्तम आहे. यात कुणी काही केलंय असं कुठे दिसतच नाही.” मग चष्मा काढून, “कुणी केलं, मीनू?”

सांगितलं. ओळही, बोटही.

त्याने कागद माझ्यापुढे ठेवला. “कुंपणाने शेत खाल्लं म्हणायचं.” नंतर, “सही केलीस?”

“अजून नाही.”

“मग अजून कागदच आहे तो.” आणि ऑफिसला निघाला. मला त्याच्याकडून शिव्या हव्या होत्या.

१४ फेब्रु., शुक्र.

स्टोअरमधून त्याच लॉटची दुसरी पेटी काढली. दोन बटणं जोडली, प्रेसच्या जागी एक छोटी सोलेनॉइड, जी त्या प्रेससारखीच जरा थांबून खटकन आपटते. डाव्या बटणावर हात. उजव्यावरून हात उचलून सोलेनॉइडखाली पेन्सिल सरकवायची.

दहा वेळा केलं. हात नेहमीच्याच वेगाने. आठ वेळा पेन्सिल सापडली. आता टेबलावर आठ पेन्सिलींचे तुकडे आहेत.

यावरून असं होऊ शकतं एवढंच सिद्ध होतं. त्या दिवशी, त्या हाताचं असंच झालं, हे सांगणारी वस्तू जगात एकच होती.

पुष्पा तुकडे बघून म्हणाली, “मैडम, बच्चों वाला खेल?” मी झाडून घेतले.

१६ फेब्रु., रवि.

रामनरेशकडे गेले. कारखान्यांच्या मागच्या गावात, एका लांब इमारतीत रांगेने खोल्या. सगळ्या दारांत चपला. त्याची अकरावी. बायको, सुनीता, चहा ठेवायला उठली. तो जमिनीवर वहीत डाव्या हाताने काहीतरी गिरवत होता. आपलीच सही. पानभर. ‘रामनरेश’मधला श दर वेळी कोसळलेला.

“चौकशीला सही करावी लागेल,” असं हिंदीत म्हणाला. “अँगूठा नहीं लगाऊँगा. बारहवीं पास हूँ.”

मी सांगितलं. पुसलं गेलं, माझ्या हातून.

सुनीताने स्टोव्ह बंद केला. तो वहीकडे बघत राहिला.

“ग़लती से?”

त्या एका प्रश्नाला ‘हो’ म्हणायला मी मानेसरपर्यंत आले होते. वाटेत सरावही केला होता.

“पता नहीं,” म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. राग नाही. आमच्या चाचणीच्या टेबलावर दोष सापडलेला बोर्ड आम्ही बघतो, तसं. “तो अब मेरी बात बस मेरी बात रह गई,” म्हणाला.

सुनीता म्हणाली, “चाय मत दीजिए इनको.” त्याने ऐकलं नाही. कप डाव्या हाताने दिला, निम्मा बशीत सांडला. मी प्याले. मंगळवारच्या बिस्किटानंतर हा चहा.

१८ फेब्रु.

खु.ना आज सगळं सांगितलं. दीड सेकंद, पेन्सिली, सगळं. ते हलले. खुर्ची मागे सरकवली. “कितनी पेटियाँ हैं ऐसी?”

एक्केचाळीस. तीच ओळ पुढे इतरांच्या पेट्यांतही गेलेली. यादी दिली. एक्केचाळीस प्रेस, प्रत्येकीपुढे दिवसभर कुणी ना कुणी बसलेलं.

“ठीक है. अपडेट कर देते हैं. कल से ही. पुष्पा और दूसरी लड़की को भेजिए, चुपचाप, सर्विस विज़िट बोल के.” यादी दोनदा वाचली त्यांनी. वाईट माणूस नाहीत. त्यांनाही दुसऱ्या कुणाची बोटं जायला नको आहेत. “और बीस को आप वही एक पन्ना दीजिएगा.”

अपडेट करायचं म्हणजे प्रत्येक पेटीचा एपॉक्सी खरवडायचा, चार तारा लावायच्या, Y. आतलं सगळं पुसून नवं भरायचं. नाहीतर कुणाचं बोट उद्या जाऊ शकतं. आणि तसं केलं की एक्केचाळीस पेट्यांमधली, हात उचलल्यावरही प्रेस आली असेल तर त्याची, प्रत्येक नोंद जाणार.

“आधी N ने वाचून घेऊ,” मी म्हटलं. “एकेका पेटीला दहा मिनिटं जास्त.”

“पढ़ के क्या करेंगी?”

उत्तर दोघांनाही माहीत होतं.

१९ फेब्रु.

सकाळी भिंतीवरचा लॅमिनेट केलेला कागद काढला. चिकटपट्टीबरोबर रंगाचा पोपडा निघाला. पुष्पा म्हणाली, “मैडम, अब क्या दबाना है?”

“N. वाचायचं, फाइल ठेवायची, मग Y.”

“खुराना सर ने तो बोला सीधा Y.”

“मालूम है.”

तिने पाचसहा सेकंद विचार केला. “फिर आप लिख के दे दीजिए न. आपके साइन से.” शहाणी मुलगी. दिलं लिहून.

चार वाजता तिचा पहिल्या कारखान्यातून फोन. N दाबलं, वाचलं, फाइल मेल केली. उघडली. चौसष्टपैकी तीन ओळी. उजवं सुटलं, नंतर प्रेस आली. एक सेकंद. एक पूर्णांक दोन. पॉइंट नऊ. तिथल्या ऑपरेटरला पुष्पाने विचारलं असावं, कारण खाली लिहिलं होतं: ‘मैडम, ये बोल रहा है कभी कभी आ जाती है, हम लोग हाथ जल्दी खींच लेते हैं.’

हम लोग. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. आम्ही सोडून.

साडेपाचला खु.चा फोन. पुष्पाला परत बोलावलंय. उरलेल्या चाळीस दुसऱ्या कुणाकडून होतील.

२० फेब्रु., गुरु.

हे निरीक्षकांच्या ऑफिसच्या बाहेर बाकावर बसून लिहितेय. वही आणायची नव्हती, आणली.

पर्समध्ये दोन कागद. एक बारा तारखेचा, एकपानी, ‘उपलब्ध झाली नाही’. दुसरा पहाटे लिहिलेला, साडेतीन पानं, अक्षर वाईट, सोबत एका पेटीची फाइल छापून. त्यात सगळं आहे. ओळ, सोमवार, बोट. फक्त सवय की दुसरं काही, तिथे जागा कोरी सोडलीय. सह्या दोन्हींवर आहेत. निघताना सुधीरने विचारलं नाही कोणता देणार. डबा दिला.

खु. समोरच्या भिंतीला टेकून फोनवर बोलतायत. मला बघून मान हलवली, नेहमीसारखी.

रामनरेश शेजारी येऊन बसला. बाकावर दोघांच्या मधे फॉर्म ठेवला, डाव्या हातात पेन. कागद सरकत होता. दाबून धरायला दुसरा हात लागतो. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा ‘राम’वरच कागद फिरला.

“मैडम, ज़रा पकड़िए.”

पकडला. याच बोटाने. त्याने सावकाश सही केली. श पुन्हा कोसळला.

“छोड़िए अब,” तो म्हणाला.

आतून शिपायाने दार उघडलं. “पेटी वाली मैडम कौन हैं? अपना काग़ज़ लेकर आइए.”